विद्यावाचस्पती पदवी

विद्यावाचस्पती पदवी : एखाद्या ज्ञानशाखेत स्वतंत्र संशोधन करून त्यावर आधारलेला प्रबंध सादर केल्यावर आणि तज्ञ परीक्षकांनी तो मान्य केल्यावर विद्यापीठाकडून दिली जाणारी उच्च पदवी. ‘पीएच्.डी.’ या नावाने ती सर्वत्र परिचित असून ‘डॉक्टरेट’ असाही शब्दप्रयोग रूढ आहे. पीएच्.डी. हे ‘डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी’ या नामाभिधानाचे संक्षिप्त रूप होय. त्यातील फिलॉसॉफी हा शब्द केवळ तत्त्वज्ञान या विषयाचा वाचक नाही. जुन्या यूरोपीय विद्यापीठांत ईश्वरशास्त्र, विधी व वैद्यक या तीन विद्याशाखा वगळता उरलेल्या विषयांचे अध्यापन तत्त्वज्ञान विद्याशाखेत होत असे व त्या शाखेची सर्वोच्च पदवी म्हणून हे नाव रूढ झाले. त्यामुळे संशोधन रसायनशास्त्रातील असो वा मराठी साहित्यातील, पदवीचे नाव बहुधा एकच असते. थोर व्यक्तींना विद्यापीठे सन्मानार्थ ज्या डी.लिट्. किंवा तत्सम पदव्या अर्पण करतात, त्यांसाठी प्रबंधाची आवश्यकता नसते. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

पदव्युत्तर परीक्षेपर्यंतच्या सर्व परीक्षांत प्रश्न परीक्षक विचारतो व त्याचे उत्तर पूर्वीच ज्ञात असते. विद्यावाचस्पती पदवीच्या बाबतीत प्रश्न उमेदवारानेच निवडावयाचा असतो आणि त्याचे उत्तर कोणालाही, त्याच्या मार्गदर्शकालाही, आधी ठाऊक नसते. साहजिकच या पदवीची कसोटी वेगळी आहे. प्रबंधात मांडलेले ज्ञान नवे आहे काय आणि ते उमेदवाराने स्वतः मिळविलेले आहे काय, हे दोन प्रश्न तिच्या मुळाशी आहेत. प्रवेश परीक्षा, संशोधन आराखडा, सल्लागार समिती, बाह्य परीक्षक, मौखिक परीक्षा इ. जी दीर्घ व प्रसंगी क्लिष्ट वाटणारी कार्यपद्धती रूढ झाली आहे, तिचे प्रयोजन या दोन प्रश्नांची खात्रीलायक उत्तरे मिळविणे हेच होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : डॉक्टर हा शब्द ‘शिकविणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. मध्ययुगात बोलोन्या, पॅरिस इ. विद्यापीठांत ही पदवी म्हणजे अध्यापन करण्याचा परवाना होता. नवीन संशोधनाची अट तीत नव्हती. व्हिल्हेल्म फोन हुंबोल्ट (१७६७–१८३५) याच्या पुढाकाराने १८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ स्थापन झाले. अध्यापन व संशोधन ही एकाच प्राध्यापकाची परस्परपूरक कार्ये होत, ही कल्पना तेथे दृढ झाली आणि मौलिक प्रबंध हा पदवीचा आधार ठरला. एकोणिसाव्या शतकात अनेक अमेरिकन विद्यार्थी या पदवीसाठी जर्मनीत जात. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या पीएच्.डी. पदव्या दिल्या, तर १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठाने जर्मन आदर्श जाणीवपूर्वक स्वीकारला. इंग्‍लंडमध्ये ही पदवी बरीच उशिरा, म्हणजे १९१७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्वीकारल्यानंतर प्रचारात आली.

भारतात १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणाऱ्या संस्था होत्या. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने त्यांना अध्यापन व संशोधन यांची मुभा मिळाली. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या अध्यापनास प्रारंभ झाला. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये अस्तित्वात आले. विद्यापीठांतील संशोधनाची परंपरा रुजेपर्यंत महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांना पदवीसाठी परदेशी जावे लागले.

त्यांपैकी काहींच्या संशोधनावरून या पदवीचे स्वरूप चांगले स्पष्ट होते. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) हे बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि पीएच्.डी. पदवी १९२७ मध्ये विधिवत प्रदान करण्यात आली. लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी त्यांना १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी मिळाली. या प्रबंधाच्या ग्रंथरूपास त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत आपण लेखकाच्या बहुतेक युक्तिवादांशी सहमत नसल्याचे त्यांनी उघडपणे नमूद केले, मात्र त्याच्या विचारांतील ताजेपणाचा गौरवही केला. इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या असमरूपतेवर संशोधन केले. या असमरूपतेचा वंशाशी संबंध जोडणारे मार्गदर्शकांचे गृहीतक आपल्या मोजमापांनी सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांना स्त्री असल्यामुळे १९३३ मध्ये बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रथम प्रवेश नाकारण्यात आला व नंतर तो सशर्त मिळाला. पुढे केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतींच्या ऊतकांत सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे दाखवून दिले आणि १९३९ मध्ये पीएच्.डी. संपादन केली, त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांच्या आसपास होता. मार्गदर्शकाशी मतभेद हा दोष नव्हे आणि प्रबंधाची पृष्ठसंख्या हे त्याच्या मोलाचे माप नव्हे, या दोन्ही गोष्टी या उदाहरणांवरून लक्षात येतात.

पात्रता : भारतातील विद्यापीठांत या पदवीचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या किमान मानकांविषयीच्या विनियमांनी होते. असे विनियम २००९ व २०१६ मध्ये करण्यात आले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची अथवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला उमेदवार प्रवेशास पात्र ठरतो. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम किमान ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यास पदव्युत्तर पदवीवाचूनही प्रवेश मिळू शकतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, उन्नत गटात न मोडणारे इतर मागासवर्गीय, दिव्यांग व आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटक यांना ५ टक्के गुणांची सवलत आहे. पूर्वी या पदवीची पायरी मानली जाणारी एम्.फिल्. पदवी याच विनियमांनी बंद करण्यात आली. तथापि ती आधी मिळविलेल्यांची पात्रता अबाधित राहिली. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करता येते. मात्र त्यासाठी नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने ही पदवी देता येत नाही. भारतीय तंत्रज्ञान संस्थांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचे प्रवेशनियम त्या त्या संस्था ठरवितात.

प्रवेशाची पद्धत : प्रवेशाचे दोन मार्ग आहेत. पहिला राष्ट्रीय पात्रता चाचणीचा (नेट). सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा होणाऱ्या या चाचणीत जून २०२४ पासून उमेदवारांचे तीन गट केले जातात. पहिल्या गटास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, साहाय्यक प्राध्यापकपदाची पात्रता व पीएच्.डी. प्रवेश या तिन्हींचा लाभ होतो. दुसऱ्यास शेवटच्या दोहोंचा. तर तिसरा गट केवळ पीएच्.डी. प्रवेशास पात्र असतो. अधिछात्रवृत्तिधारकांची निवड मुलाखतीने होते. अन्य दोन गटांच्या बाबतीत चाचणीतील गुणांना ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार दिला जातो आणि हे गुण प्रवेशासाठी एक वर्षापर्यंत ग्राह्य धरले जातात. दुसरा मार्ग विद्यापीठाने स्वतः घेतलेल्या प्रवेश परीक्षेचा. तिच्यातील निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर व निम्मे संबंधित विषयावर असतात; गुणांचा भार येथेही ७० व ३० टक्के असाच असतो.

चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. प्रवेशसंख्या रिक्त जागांवर आणि रिक्त जागा मार्गदर्शकांच्या संख्येवर अवलंबून असतात. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व साहाय्यक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी असू शकतात. सेवानिवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकास नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून विद्यापीठाची जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर विषयवार रिक्त जागांची व मार्गदर्शकांची यादी पाहणे हे अर्जदाराचे पहिले काम ठरते. महाराष्ट्रात विद्यापीठीय विभागांखेरीज संलग्न महाविद्यालयांतील मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांतही प्रवेश दिला जातो. त्यामुळे जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणी राहूनही संशोधन करणे अनेकांना शक्य झाले आहे. अर्जासोबत गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र व चाचणीचा निकाल, तसेच आवश्यकतेनुसार जात व उन्नत गटात न मोडण्याविषयीची प्रमाणपत्रे, नियोक्त्याचे संमतिपत्र आणि अन्य विद्यापीठातून येणाऱ्यांस स्थलांतर प्रमाणपत्र जोडावे लागते.

मार्गदर्शकाची निवड करताना त्याच्या पदापेक्षा किंवा प्रसिद्धीपेक्षा त्याच्या संशोधनाचे क्षेत्र पाहणे अधिक महत्त्वाचे असते. त्याचे अलीकडील लेख वाचणे, त्याच्याकडे पूर्ण झालेले प्रबंध चाळणे आणि शक्य असल्यास त्याच्या विद्यार्थ्यांशी बोलणे, हे या दृष्टीने उपयुक्त ठरते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या संगणकीय संग्रहात वाचावयास मिळतात. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र हा संग्रह सांभाळते. त्यात शोध घेतल्याने आपल्या मनातील विषयावर पूर्वी किती काम झाले आहे, हेही कळून येते.

संशोधन आराखडा : मुलाखतीच्या वेळी किंवा प्रवेशानंतर लगेच उमेदवारास संशोधनाचा आराखडा मांडावा लागतो. त्यात सामान्यतः समस्येचे विधान, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, आवश्यक तेथे गृहीतक, साधने व अभ्यासपद्धती, प्रकरणांची संभाव्य मांडणी आणि संदर्भसूची यांचा अंतर्भाव असतो. आराखड्याचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे समस्येचे विधान. ‘महाराष्ट्रातील सहकार’ हे क्षेत्र झाले, ती समस्या नव्हे. एखाद्या जिल्ह्यातील प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या थकबाकीचा अल्पभूधारक सभासदांच्या पुढील कर्जउचलीवर कोणता परिणाम झाला, हा प्रश्न मात्र संशोधनाची समस्या होऊ शकतो. कारण त्याचे उत्तर संस्थांच्या दप्तरांतून व सभासदांच्या मुलाखतींतून शोधता येते आणि ते चुकीचे असल्यास तेही दाखवून देता येते. मुलाखतीत मुख्यत्वे तीन गोष्टी पाहिल्या जातात : उमेदवाराची क्षमता, ते संशोधन त्या संस्थेत शक्य आहे की नाही, आणि त्यातून ज्ञानात काही भर पडण्याचा संभव आहे की नाही. आवश्यक ती प्रयोगशाळा, हस्तलिखितांचा संग्रह वा भाषेचा जाणकार जेथे नाही, तेथे चांगली समस्याही निरुपयोगी ठरते.

संशोधनाचा कालक्रम : पदवीचा किमान कालावधी तीन वर्षांचा व कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणीने तो आणखी दोन वर्षे वाढविता येतो. स्त्रिया व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती यांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत आहे; म्हणजे त्यांची एकूण मर्यादा दहा वर्षांची होते. स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपन यांसाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. आरंभी किमान १२ श्रेयांकांचा पूर्व-अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती व संशोधन आणि प्रकाशन यांची नीतितत्त्वे यांचा समावेश असून त्यात किमान ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. अध्यापनाचा व लेखनाचा अनुभव देणेही अपेक्षित असते. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती नेमली जाते. दर सहा महिन्यांनी तिच्यासमोर प्रगतीचा अहवाल ठेवावा लागतो.

यानंतरच्या दीर्घ काळात सामग्रीचे संकलन, विश्लेषण व लेखन ही कामे चालतात. हस्तलिखितांच्या अभ्यासकास पाठभेद जुळवावे लागतात, समाजशास्त्रज्ञास गावोगाव फिरावे लागते आणि रसायनशास्त्रज्ञाचे महिनोन्‌महिन्यांचे प्रयोग फसू शकतात. अपेक्षित निष्कर्ष न निघणे हे अपयश नव्हे. काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासाचा नकारात्मक निष्कर्षही ज्ञानात भर घालतो. प्रबंध सादर करण्यापूर्वी सर्व अध्यापकांना व संशोधकांना खुल्या असलेल्या सभेत त्याचे निवेदन करावे लागते व तेथील सूचनांनुसार दुरुस्त्या केल्या जातात. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची २०१६ च्या विनियमांतील सक्ती २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांतील अनेक विषयांत महाराष्ट्रातील विद्यापीठे मराठीतून लिहिलेले प्रबंध स्वीकारतात.

वाङ्मयचौर्य व परीक्षण : सादर केलेल्या प्रबंधाची अन्य लेखनाशी असलेली जुळणी संगणकाच्या साहाय्याने तपासली जाते. २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतची जुळणी क्षम्य मानली जाते. १० ते ४० टक्के जुळणी आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षापर्यंत तो सादर करता येत नाही. ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. मात्र यंत्र शब्दांचे साम्य दाखविते. उसनी घेतलेली कल्पना किंवा बनावट आकडेवारी त्यास ओळखता येत नाही. ते काम परीक्षकांचे असते. मार्गदर्शकाखेरीज संस्थेबाहेरील किमान दोन तज्ञ प्रबंध तपासतात. त्यांचे अहवाल अनुकूल असल्यास खुली मौखिक परीक्षा होते आणि तीत उमेदवारास आपल्या प्रतिपादनाचे समर्थन करावे लागते. एका बाह्य परीक्षकाने प्रबंध नाकारल्यास तो दुसऱ्या परीक्षकाकडे पाठविला जातो. प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत ही प्रक्रिया संपविणे अपेक्षित आहे. पदवीनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत शोधगंगेत जमा होते.

आर्थिक साहाय्य : कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रु. व ज्येष्ठ अधिछात्रवृत्तीची ४२,००० रु. करण्यात आली. पहिली दोन वर्षे कनिष्ठ व त्यानंतर प्रगती समाधानकारक असल्यास ज्येष्ठ, असा तिचा क्रम आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’, मराठा व कुणबी समाजांसाठी ‘सारथी’ आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांसाठी ‘महाज्योती’ या शासकीय संस्था अधिछात्रवृत्त्या देतात. ज्यांना यांपैकी काहीच मिळत नाही, अशा विद्यार्थ्यांचे संशोधन बहुधा नोकरीबरोबर चालते आणि त्यामुळे लांबते. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच किमान चार-पाच वर्षांच्या निर्वाहाचा विचार करणे आवश्यक असते.

परदेशांतील पद्धती : अमेरिकेत पदवीनंतर थेट प्रवेश मिळू शकतो. अर्ज विभागाकडे करावयाचा असून त्यासोबत उद्देशपत्र व शिफारसपत्रे द्यावी लागतात. पहिली सुमारे दोन वर्षे अभ्यासक्रम, नंतर पात्रता परीक्षा व त्यापुढे प्रबंध, असा क्रम असल्याने एकूण पाच वर्षे वा अधिक काळ लागतो. अध्यापन वा संशोधन साहाय्यक म्हणून काम केल्याबद्दल शुल्कमाफी व वेतन देण्याची प्रथा आहे. इंग्‍लंडमध्ये तीन ते चार वर्षांचा काळ लागतो आणि संशोधन प्रस्तावावर प्रवेश अवलंबून असतो. जर्मनीत उमेदवार स्वतः मार्गदर्शक शोधतो किंवा संरचित कार्यक्रमात प्रवेश घेतो. प्रबंध प्रकाशित केल्यावाचून तेथे सामान्यतः डॉक्टर ही उपाधी लावता येत नाही. नेदर्लंड्स व स्कँडिनेव्हियन देशांत संशोधक हा बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो व त्याच्या पदासाठी नोकरीप्रमाणे जाहिरात निघते.

समस्या : भारतात ही पदवी दीर्घकाळ अध्यापकाच्या नेमणुकीशी व बढतीशी निगडित राहिली आहे. त्यामुळे जिज्ञासेपेक्षा नोकरीच्या गरजेपोटी नोंदणी करणाऱ्यांची संख्या वाढली. एकाच साच्याचे विषय, गावाचे वा लेखकाचे नाव तेवढे बदलून केलेली पुनरावृत्ती आणि परीक्षणातील शैथिल्य हे दोष त्यातूनच उद्‌भवले. जुलै २०२३ पासून साहाय्यक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी ही पदवी अनिवार्य राहिलेली नाही. वरच्या पदांसाठी मात्र तिची आवश्यकता कायम आहे. संशोधक विद्यार्थ्याचे मार्गदर्शकावरील अवलंबन हा दुसरा प्रश्न होय. दोघांचे संबंध बिघडल्यास विद्यार्थ्याची अनेक वर्षे वाया जाण्याचा धोका असतो. सल्लागार समितीच्या सहामाही आढाव्यामागे हाही एक विचार आहे. ती समिती कागदोपत्रीच राहिली, तर ही तरतूद निष्फळ ठरते. अधिछात्रवृत्तीचे हप्ते थकल्याने क्षेत्रकार्य खंडित होणे, जिल्ह्याच्या ठिकाणी संदर्भग्रंथ व नियतकालिके सहज न मिळणे, या अडचणी महानगरांबाहेरील विद्यार्थ्यांस विशेष जाणवतात. नियमांची काटेकोर पूर्तता केल्याने प्रबंध विधिग्राह्य होतो. तो मौलिक ठरेल की नाही, हे मात्र आरंभी निवडलेला प्रश्न आणि त्याचा प्रामाणिक शोध यांवरच अवलंबून असते.